इनकम टॅक्सची नोटीस आली तर काय करायचं? पहिल्या ईमेलपासून ट्रिब्युनलपर्यंत, इंदूरच्या मंडळींसाठी

मी इंदूरला आयकराच्या केसेस बघते, आणि रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा आपल्या वस्त्यांमधून जे फोन येतात त्यातले बरेचसे "ताई, बँकेचं खातं ब्लॉक झालंय, पेन्शन निघत नाहीये" असेच सुरू होतात. मग आयकर विभागाचं पोर्टल उघडून बघावं तर तिथे आधी एक नोटीस पडलेली, मग दुसरी, मग शो-कॉज (कारणे दाखवा), मग ऑर्डर, मग डिमांड, मग पेनल्टीची नोटीस, आणि हे सगळं अशा ईमेलवर गेलेलं असतं जो रिटर्न भरून देणाऱ्या माणसाचा होता किंवा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून कोणी उघडलेलाच नाही. यातल्या कितीतरी केसेसमध्ये माणसाची बाजू खरी असते, कागदही घरात असतात, फक्त ते कोणी वेळेवर समोर ठेवलेले नसतात. आयकराच्या भांडणात कलम-बिलम नंतर येतं, आधी येते तारीख. म्हणून हा लेख जरा लांब लिहितेय, सेव्ह करून ठेवा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आलाय, तो १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत. पण आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या कमाईची भांडणं जुन्याच कायद्याने चालणार, आणि येणारी काही वर्षं लोकांच्या हातात नोटिसा त्याच वर्षांच्या पडणार, म्हणून मी खाली सगळीकडे जुनीच कलमं देतेय.

सगळ्यात आधी: नोटीस खरी आहे का आणि कोणती आहे

आजच पोर्टलवर लॉगिन करा, नोटीस आलेली नसली तरी. प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ईमेल तुमचा स्वतःचा टाका, म्हणजे जो तुम्ही रोज बघता तो. मग "पेंडिंग अ‍ॅक्शन्स"मध्ये "ई-प्रोसीडिंग्ज" उघडा, विभागाने काही विचारलं असेल तर तिथेच दिसतं. आणि "रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड" हेही बघा, कारण जुनी डिमांड तिथे वर्षानुवर्षं पडून असते आणि एक दिवस तुमचा रिफंड त्यात वळता होतो. असा रिफंड वळवण्याआधी कलम २४५ खाली सूचना येते, तिला २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं, डिमांड चुकीची असेल तर "डिसअ‍ॅग्री" करून कारण आणि कागद जोडायचे.

एसएमएस किंवा ईमेलने नोटीस आली की त्यातल्या लिंकवर क्लिक करू नका, सरळ पोर्टलवर जाऊन बघा. खऱ्या नोटिशीवर डिन असतो म्हणजे कागदाचा ओळख क्रमांक, १ ऑक्टोबर २०१९ नंतरच्या प्रत्येक पत्रावर तो असलाच पाहिजे असं सीबीडीटीच्या म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकात आहे (१९/२०१९, १४ ऑगस्ट २०१९ चं), आणि पोर्टलच्या पहिल्याच पानावर लॉगिन न करताही नोटीस तपासायची सोय दिलेली आहे. डिनच नसेल आणि त्याचं कारणही लिहिलेलं नसेल तर हा मुद्दा लिहून ठेवा, पुढे अपिलात कामी येतो.

आता कोणती नोटीस म्हणजे काय, ते थोडक्यात. १३९(९) म्हणजे रिटर्नमध्ये त्रुटी आहे, १५ दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर रिटर्न भरलाच नाही असं धरतात. १४३(१) ही कॉम्प्युटरने केलेली तपासणी, तिच्यात रक्कम वाढवायची असेल तर आधी प्रस्ताव येतो आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. १४२(१) मध्ये माहिती आणि कागद मागतात. १४३(२) म्हणजे स्क्रूटिनी, रिटर्नची सखोल तपासणी, ही नोटीस ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरला ते वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांतच यायला हवी, उशिरा आली तर तो तुमचा पहिला मुद्दा. १४८ए आणि १४८ म्हणजे जुनी केस परत उघडणं, ह्यावर खाली सविस्तर बोलू. आणि १५६ म्हणजे डिमांड, पैसे भरा, ३० दिवसांत.

नोटीस हातात आली की एका कागदावर चार गोष्टी लिहा: कोणतं कलम, कोणतं वर्ष, पोर्टलवर कधी पडली, उत्तराची शेवटची तारीख काय. वर्ष लिहिताना नीट बघा, असेसमेंट इयर २०१८-१९ म्हणजे १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०१८ ची कमाई, आणि ह्यात गडबड झाली की लोक भलत्याच वर्षाचं पासबुक जोडून मोकळे होतात.

१४३(१) आली आणि आकडा चुकीचा वाटतोय

बहुतेक नोकरदार आणि पेन्शनर लोकांचं भांडण इथलंच असतं. टीडीएस कापला गेला पण २६एएसमध्ये (पोर्टलवरचा कापलेल्या टॅक्सचा तक्ता) दिसत नाही, किंवा एआयएसमध्ये (तुमच्या व्यवहारांची विभागाकडची यादी) दुसऱ्याचंच व्याज तुमच्या नावावर, किंवा एफडी जॉइंट आहे आणि सगळं व्याज पहिल्या नावावर. आधी एआयएस उघडून त्या नोंदीवर फीडबॅक द्या, बँकेचं किंवा कंपनीचं टीडीएस रिटर्न चुकलं असेल तर त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या, आणि मग कलम १५४ खाली रेक्टिफिकेशन म्हणजे दुरुस्तीचा अर्ज टाका. त्याला ऑर्डरचं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षं मुदत आहे आणि विभागाने अर्ज मिळाल्याचा महिना संपल्यापासून सहा महिन्यांत त्याच्यावर निर्णय द्यायचा असतो.

पण इथे एक खड्डा आहे. रेक्टिफिकेशन फक्त अशा चुकीसाठी असतं जी कागद बघितल्याबरोबर दिसते. जिथे दोन मतं होऊ शकतात, वाद घालून ठरवावं लागतं, ती "रेकॉर्डवरून उघड दिसणारी चूक" नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये वोल्कार्ट ब्रदर्सच्या केसमध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे सूट मिळते की नाही असा वाद असेल तर १५४ टाकून वाट बघत बसू नका, कारण तुम्ही वाट बघता तेव्हा अपिलाचे ३० दिवस चालूच असतात. १४३(१) च्या इंटिमेशनविरुद्धही अपील होतं, हे खूप जणांना माहीतच नसतं. शंका असेल तर दोन्ही करा, रेक्टिफिकेशनही आणि अपीलही.

आपल्या मंडळांच्या आणि संस्थांच्या ट्रस्टींनी हे खास वाचा. ट्रस्टचा ऑडिट रिपोर्ट, फॉर्म १०बी किंवा १०बीबी, उशिरा अपलोड झाला की १४३(१) मध्ये सगळी सूट उडते आणि देणग्यांवर टॅक्स लागतो, गणेशोत्सवाची वर्गणी आणि वाचनालयाच्या ठेवीचं व्याज सुद्धा त्यात धरतात. अशा वेळी कलम ११९(२)(बी) खाली उशीर माफ करायचा अर्ज करता येतो, ३६५ दिवसांपर्यंतचा उशीर असेल तर कमिशनरच्या पातळीवर माफ होऊ शकतो (परिपत्रक १६/२०२४). उशीर का झाला ते खरं खरं आणि पुराव्यासकट लिहा, अकाउंटंट आजारी होते तर डॉक्टरांचा कागद जोडा.

बँकेत कॅश भरली होती, आता विचारतायत

हे सगळ्यात जास्त येतं आणि सगळ्यात महाग पडतं, म्हणून जरा थांबून सांगते. बँक बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख जमा झाली की त्याची माहिती विभागाला देते. रिटर्न भरलेलाच नसेल, किंवा भरला पण त्यात कमाई कमी दिसतेय, तर केस उघडते. समाधानकारक उत्तर नाही मिळालं तर ती रोख कलम ६९ए खाली "हिशोब न दिलेला पैसा" धरतात आणि ११५बीबीई लावतात, म्हणजे अशा पैशाचा खास दर. २०१६ च्या शेवटी झालेल्या दुरुस्तीनंतर हा दर ६० टक्के, त्यावर २५ टक्के सरचार्ज, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे एकूण ७८ टक्के. समजा १२ लाख भरले होते तर ९ लाख ३६ हजार नुसता टॅक्स, व्याज वेगळं आणि पेनल्टी वेगळी. आणि ज्या काकूंनी आयुष्यभराची बचत बँकेत ठेवली त्यांना हे भरायला सांगतात, कारण उत्तरच गेलेलं नसतं. याचा मला खरोखर त्रास होतो.

तर उत्तरात काय द्यायचं? नुसतं "बचतीचे पैसे होते" लिहून भागत नाही. आधी त्या वर्षाचं आणि त्याच्या आधीच्या किमान एक-दोन वर्षांचं बँक स्टेटमेंट काढा. मग साध्या वहीत किंवा एक्सेलमध्ये तारीखवार कॅशचा हिशोब मांडा: सुरुवातीला हातात किती, कधी काढली, कशावर खर्च, कधी परत भरली. काढलेली रक्कमच परत भरली असेल तर तारखा आपोआप बोलतात, मध्ये फार दिवस गेले असतील तर पैसे का ठेवले होते ते लिहा, लग्न ठरत होतं, प्लॉटचा सौदा फिसकटला, ऑपरेशन होणार होतं, आणि जे लिहाल त्याचा कागद द्या. सियागंज किंवा क्लॉथ मार्केटमध्ये छोटं दुकान असेल आणि रोजचा गल्ला बँकेत जात असेल तर ती विक्री आहे, तिच्यावर नफ्यापुरता टॅक्स लागायला हवा, सगळ्या रकमेवर नव्हे. जीएसटी नंबर, खरेदीची बिलं, दुकानाचं भाडं, गुमाश्ता (दुकानाची नोंदणी), जे असेल ते जोडा.

शेतीचा पैसा असेल तर आपल्याकडे पुरावा चांगला मिळतो, फक्त गोळा करावा लागतो. खसरा, बी-१, ऋण पुस्तिका हे जमिनीचे सरकारी कागद, आणि मंडीच्या पर्च्या. चोइथराम मंडीत लसूण-कांदा विकला किंवा छावनीत सोयाबीन विकलं तर अनुबंध, तौल आणि भुगतानच्या पर्च्या मिळतात, त्यावर नाव आणि तारीख असते. जमीन वडिलांच्या नावावर आणि पैसे मुलाच्या खात्यात असं असेल तर वडिलांचं शपथपत्र द्या. आणि किती बिघ्यांत किती पीक निघतं ह्याचा मेळ बसला पाहिजे, पाच बिघ्यांत पन्नास बिघ्यांचं उत्पन्न दाखवलं तर खरा भागसुद्धा कोणी मानणार नाही.

नोटाबंदीचं वर्ष असेल (८ नोव्हेंबर ते ३० डिसेंबर २०१६) तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, सीबीडीटीच्या २०१७ च्या सूचनेनुसार ज्याचा धंदा नाही अशा माणसाच्या २.५ लाखांपर्यंतच्या आणि ७० वर्षांवरच्या माणसाच्या ५ लाखांपर्यंतच्या जमा रकमेची जास्त चौकशी करायची नव्हती. दोन, त्या वर्षाला ६० टक्क्यांचा वाढीव दर लागतो की आधीचा ३० चा, यावर कोर्टात वाद झालेत आणि मद्रास हायकोर्टाने वाढीव दर १ एप्रिल २०१७ नंतरच्या व्यवहारांनाच लागतो असं मानलंय. तेव्हा बाकी सगळे मुद्दे घेतले तरी हा एक वेगळा ग्राउंड, म्हणजे अपिलातला मुद्दा, म्हणून घ्यायचाच.

शेतजमीन विकली

सुपर कॉरिडॉर, बायपास, राऊ, सांवेर रोड, इथे गेल्या काही वर्षांत कितीतरी मराठी कुटुंबांनी वडिलोपार्जित जमिनी विकल्या. रजिस्ट्री झाली की माहिती विभागाकडे जाते आणि मग प्रश्न येतो की कॅपिटल गेन (विक्रीतला नफा) का नाही दाखवला. ग्रामीण शेतजमीन ही कॅपिटल अ‍ॅसेटच नसते, म्हणून तिच्यावर कॅपिटल गेन लागत नाही. पण ग्रामीण म्हणजे काय ते कलम २(१४) मध्ये मोजून दिलंय: नगरपालिकेच्या हद्दीपासून हवाई अंतराने २ किलोमीटर, लोकसंख्या १० हजार ते १ लाख असेल तर, १ लाख ते १० लाख असेल तर ६ किलोमीटर, आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटर, आणि जमीन त्याच्या पलीकडे हवी. इंदूर १० लाखांच्या कितीतरी वर आहे म्हणून आपल्याला ८ धरायचे, पण जमीन महू किंवा राऊच्या जवळ असेल तर त्या त्या हद्दीपासूनही मोजावं लागतं.

इथे लोक गुगल मॅपचा फोटो जोडतात, तो टिकत नाही. तहसीलदाराचा किंवा पटवारीचा लेखी दाखला घ्या, त्यात "विक्रीच्या तारखेला असलेल्या हद्दीपासून" आणि "हवाई अंतर" हे दोन्ही शब्द लिहून घ्या, कारण इंदूर नगर निगमची हद्द मधल्या काळात वाढलीय. डायव्हर्शन झालं होतं का तेही बघा, विकण्याआधी जमीन निवासी करून घेतली असेल तर शेतजमिनीची सूट मागणं अवघड होतं.

रजिस्ट्री गाइडलाइनपेक्षा, म्हणजे स्टॅम्पसाठी सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा, कमीत झाली असेल तर कलम ५०सी लागतं, म्हणजे स्टॅम्पची किंमतच विक्रीची किंमत धरतात. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर सोडून देतात (असेसमेंट इयर २०२१-२२ पासून). जास्त असेल आणि गाइडलाइन खरंच अवास्तव वाटत असेल, जमिनीवर वाद होता, रस्ता नव्हता, हाय टेन्शनची लाइन जात होती, तर अधिकाऱ्याला लेखी सांगा की व्हॅल्युएशन ऑफिसरकडे पाठवा. ही मागणी लेखी नसेल तर पुढे अपिलात "आम्ही म्हटलं होतं" याला काही किंमत राहत नाही.

आणि जमीन विकली नाही, सरकारने घेतली असेल, तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ खाली मिळालेल्या मोबदल्यावर आयकर लागत नाही, सीबीडीटीने परिपत्रक ३६/२०१६ मध्ये हे मान्य केलंय. अवॉर्डची (मोबदला ठरवणाऱ्या निवाड्याची) कॉपी जपून ठेवा.

केस परत उघडली, १४८ए आली

१४८ए ची नोटीस म्हणजे विभाग विचारतोय की आमच्याकडे ही माहिती आहे, केस का उघडू नये ते सांगा. ही तुमची पहिली आणि सगळ्यात स्वस्त संधी. आधी तारीख मोजा. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमाने ही नोटीस असेसमेंट इयर संपल्यापासून ३ वर्षांच्या आत यायला हवी, आणि सुटलेली कमाई ५० लाख किंवा जास्त असल्याची माहिती असेल तरच ५ वर्षांपर्यंत. त्याआधीच्या नोटिसांचे नियम वेगळे, त्यावर सुप्रीम कोर्टाचे दोन मोठे निकाल आहेत, आशिष अग्रवाल (मे २०२२) आणि राजीव बन्सल (ऑक्टोबर २०२४), जुन्या वर्षांची केस असेल तर वकिलाला हे दोन्ही लावून दिवस मोजायला सांगा, बऱ्याच नोटिसा तिथेच कोलमडतात.

मग माहिती तपासा. त्यांनी कोणतं खातं, कोणती रक्कम म्हटलीय? ती तुमची आहे का? जॉइंट खातं असून दुसऱ्याने तीच रक्कम आपल्या रिटर्नमध्ये दाखवलीय का? दोनदा तर मोजली नाही? हे सगळं मुदतीत लिहून द्या, वेळ कमी असेल तर मुदत संपायच्या आत पोर्टलवरच अ‍ॅडजर्नमेंट (मुदतवाढ) मागा. उत्तर देऊनही १४८ आली तर त्याला उत्तर म्हणून रिटर्न भरावाच लागतो, "आधीच भरलाय" एवढं म्हणून चालत नाही, तोच परत भरा पण भरा.

ऑर्डर विरुद्ध गेली. आता पहिले तीस दिवस

ऑर्डरबरोबर १५६ ची डिमांड येते. ती मिळाली त्या दिवसापासून ३० दिवसांत कमिशनर अपील्सकडे, म्हणजे पहिलं अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, फॉर्म ३५ ऑनलाइन भरायचा. फी जास्त नाही: ठरवलेली कमाई १ लाखापर्यंत असेल तर २५० रुपये, २ लाखांपर्यंत ५००, त्याच्या वर १०००. फी भरून चलन जोडायचं. आणि तुम्ही स्वतः रिटर्नमध्ये जो टॅक्स दाखवला होता तो भरलेला हवा, नाहीतर अपील दाखलच करून घेत नाहीत. रिटर्नच भरला नसेल तर अ‍ॅडव्हान्स टॅक्सएवढी रक्कम भरावी लागते किंवा कारण देऊन त्यातून सूट मागावी लागते, कॅशच्या एकतर्फी ऑर्डरमध्ये हा मुद्दा हमखास येतो, फॉर्म भरतानाच सांभाळा.

फॉर्ममध्ये तथ्यांसाठी १००० शब्द आणि प्रत्येक ग्राउंडसाठी १०० शब्द मिळतात. तथ्यं साध्या भाषेत, तारखांच्या क्रमाने. ग्राउंड वेगवेगळे करा, एकात सगळं कोंबू नका: एक मुदतीचा, एक नोटीस न मिळाल्याचा, एक रकमेचा, एक दराचा, एक व्याजाचा. खाली दिले नव्हते असे नवे कागद द्यायचे असतील तर नियम ४६ए खाली वेगळा अर्ज लागतो, आधी का देता आले नाहीत ते त्यात लिहायचं. हा अर्ज नसला की उत्तम पुरावासुद्धा बाजूला ठेवला जातो, आणि हे मी फार वेळा होताना बघितलंय. रिटर्नमध्ये एखादी सूट मागायची राहून गेली असेल तर तीही अपिलात मागता येते, गोएत्झेच्या २००६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने असेसिंग ऑफिसरचे, म्हणजे ऑर्डर काढणाऱ्या अधिकाऱ्याचे, हात बांधले, ट्रिब्युनलचे नाही.

उशीर झालाय? तरी भरा. उशीर माफ करायचा अर्ज त्यातच असतो. काटीजीच्या १९८७ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की न्यायाची बाजू आणि तांत्रिक बाजू समोरासमोर आल्या तर न्यायाला झुकतं माप द्यायचं. पण ते आयतं मिळत नाही, उशिराचा तारखांसकट हिशोब द्या, ईमेल दुसऱ्याचा होता तर पोर्टलच्या प्रोफाइलचा स्क्रीनशॉट, दवाखान्यात होतात तर डिस्चार्ज पेपर, आणि एक शपथपत्र.

अपील टाकलं म्हणून वसुली थांबत नाही! हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बँकेचं खातं ब्लॉक होतं ते यामुळेच. असेसिंग ऑफिसरकडे कलम २२०(६) खाली स्टेचा, म्हणजे वसुली थांबवायचा, अर्ज वेगळा करावा लागतो. सीबीडीटीच्या ३१ जुलै २०१७ च्या सूचनेनुसार साधारण २० टक्के भरले की बाकीची वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबवतात, पण हे २० टक्के दगडावरची रेघ नाही, एलजी इलेक्ट्रॉनिक्सच्या केसमध्ये २०१८ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अधिकारी त्यापेक्षा कमीवरही स्टे देऊ शकतात. घरात पेन्शनशिवाय काही नसेल तर पासबुक, औषधांची बिलं, घरभाडं, सगळं जोडा आणि कमी रकमेवर किंवा हप्त्यांवर स्टे मागा. अर्ज पोर्टलवर तर टाकाच, शिवाय व्हाइट चर्चसमोर आयकर भवनात जाऊन आवकमध्ये कॉपी द्या आणि शिक्का घ्या. स्टे नसेल तर थकलेल्या रकमेवर दर महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का व्याज चढत राहतं.

एक पर्याय अजून. ऑर्डर बरोबरच आहे, कमाई खरंच राहून गेली होती, असं असेल तर भांडू नका. टॅक्स आणि व्याज भरून, अपील न करता, कलम २७०एए खाली फॉर्म ६८ भरा, ऑर्डर मिळाली तो महिना संपल्यापासून एका महिन्यात. पेनल्टी ५० टक्क्यांची म्हणजे "अंडर-रिपोर्टिंग"ची असेल तर माफ होते, २०० टक्क्यांच्या "मिसरिपोर्टिंग"ला हे चालत नाही.

सुनावणी, आणि पुढे ट्रिब्युनल

आता पहिलं अपील बहुतेक फेसलेस चालतं, कोण ऐकतंय ते तुम्हाला कळत नाही, नोटिसा पोर्टलवर येतात. वेळ लागतो, पण नोटीस कधीही येऊ शकते म्हणून दर आठवड्याला ई-प्रोसीडिंग्ज बघायची सवय लावा. व्हिडिओवर सुनावणी मागता येते, नुसत्या कागदावरून कळणार नाही अशी केस असेल तर मागाच. कमिशनरला रक्कम वाढवायचाही अधिकार आहे, पण त्याआधी त्याने तुम्हाला विचारलं पाहिजे. आणि ऑर्डर कलम १४४ ची, म्हणजे एकतर्फी असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून कमिशनर ती रद्द करून परत खाली पाठवू शकतात, तेव्हा कागद तयार असतील तर तशी मागणीही लिहा.

इथे जिंकलात आणि वादातला टॅक्स ६० लाखांच्या आत असेल, तर काही ठरावीक अपवाद सोडून विभाग ट्रिब्युनलमध्ये जातच नाही, सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने ही मर्यादा ठरवलीय. हायकोर्टासाठी २ कोटी आणि सुप्रीम कोर्टासाठी ५ कोटी. म्हणजे आपल्यासारख्यांची लढाई खरं तर इथेच संपते.

हरलात तर इंदूरचं भाग्य असं की ट्रिब्युनलचं बेंच इथेच आहे. आयकर अपिलीय न्यायाधिकरण, १९४१ पासूनचं, ब्रीदवाक्य "निष्पक्ष सुलभ सत्वर न्याय". अपील फॉर्म ३६ मध्ये, ज्या महिन्यात कमिशनरची ऑर्डर मिळाली तो महिना संपल्यापासून दोन महिन्यांत. फी १ लाखापर्यंतच्या कमाईला ५००, २ लाखांपर्यंत १५००, वर असेल तर ठरवलेल्या कमाईच्या १ टक्का पण १० हजारांच्या वर नाही. कमाई ५० लाखांच्या आत असेल तर एकच मेंबर ऐकू शकतो. तिथे कागदांची पेपर बुक लागते, पानांना नंबर, अनुक्रमणिका, आणि कोणता कागद खाली दिला होता ते लिहिलेलं. तथ्यांवर शेवटचा निर्णय ट्रिब्युनलचाच, म्हणून जो पुरावा द्यायचा तो इथपर्यंत यायलाच हवा. हायकोर्टात, म्हणजे आपल्या एमजी रोडच्या खंडपीठात, कलम २६०ए खाली १२० दिवसांत जाता येतं पण फक्त कायद्याच्या मोठ्या प्रश्नावर, तिथे पासबुक कोणी उघडत नाही.

सीबीडीटीचं ११ एप्रिल १९५५ चं परिपत्रक क्रमांक १४ अजूनही वाचण्यासारखं आहे. करदात्याच्या अज्ञानाचा फायदा अधिकाऱ्यांनी घेऊ नये, उलट ज्या सवलतींवर त्याचा हक्क आहे त्या त्याला सांगाव्यात, असं त्यात आहे. आणि राज्यघटनेचं कलम २६५ म्हणतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावताही येत नाही आणि वसूलही करता येत नाही. उत्तर लिहिताना ह्या दोन्हींचा उल्लेख नम्रपणे करायला काहीच हरकत नाही, मी करते.

जिंकल्यावरचं काम

अपिलाची ऑर्डर तुमच्या बाजूने आली तरी डिमांड आपोआप जात नाही. असेसिंग ऑफिसरने त्या निकालाप्रमाणे नवी ऑर्डर काढावी लागते, साधारणपणे त्यांना निकाल मिळाल्याचा महिना संपल्यापासून तीन महिन्यांत. तुम्ही स्वतः निकालाची कॉपी जोडून अर्ज द्या, ब्लॉक झालेलं खातं सोडायचं पत्र बँकेला पाठवायची मागणीही त्यातच करा, आणि उत्तर नाही आलं तर पोर्टलवरच्या ई-निवारण या तक्रारीच्या सोयीत तक्रार टाका. तुम्ही जे २० टक्के भरले होते ते कलम २४४ए खाली महिन्याला अर्धा टक्का व्याजासकट परत मिळतात, आणि ही ऑर्डर काढायला मुदतीपेक्षा उशीर केला तर वर्षाला आणखी ३ टक्के. रिफंड येण्यासाठी पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट केलेलं हवं, पॅन आणि आधार जोडलेलं हवं. पैसे आले की व्याजाचा आकडा स्वतः मोजून बघा, कमी असेल तर १५४ टाका, आणि ते रिफंडचं व्याज त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये "इतर उत्पन्न" म्हणून दाखवा.